एका तासात येईल असं माणूस

अर्जाचं चौथं पान अजून अर्धं कोरं आहे. नाव, वय, रक्तगट, चालू औषधं, दात स्वतःचे की कवळी, शाकाहारी की मिश्र, एवढं सगळं ह्यांनी आपल्या कोरीव अक्षरात भरून टाकलं. अडलं ते खालच्या चौकटीपाशी. ‘आपत्कालीन संपर्क : एका तासात प्रत्यक्ष पोहोचू शकतील अशा दोन व्यक्तींची नावे, नाते व मोबाइल क्रमांक.’ लेकीचं नाव लिहायचं म्हणून ह्यांनी ‘सौ.’ एवढं काढलं आणि पेन तिथेच थांबलं. लेक पुण्यात. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत यायचं म्हणजे पाच तास, चाकणला अडकली तर सहा. (नाशिक-पुणे सरळ रेल्वेच्या गप्पा ऐकता ऐकता आम्ही म्हातारे झालो.) मुलगा तर मेलबर्नला. ह्यांनी ‘सौ.’ तसंच राहू दिलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, “तू बघ काय ते.” सदतीस वर्षं नाशिकरोडच्या सरकारी नोटा-मुद्रांकांच्या प्रेसमध्ये काढलेला हा माणूस एक आकडा चुकला तर झोपत नाही. ‘तू बघ’ म्हणाले की समजायचं, प्रकरण अवघड आहे.

अर्ज आहे गंगापूर धरणाच्या बाजूला झालेल्या ज्येष्ठांच्या वसाहतीचा. वृद्धाश्रम म्हणायचं नाही. ऑफिसातल्या मुलीने पहिल्या दोन मिनिटांत ते अगदी गोड बोलून सांगितलं, “काकू, आपण असिस्टेड नाही, इंडिपेन्डन्ट आहोत.” माझ्या जाऊबाईंना फोनवर मी हेच जसंच्या तसं ऐकवलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे वृद्धाश्रमच ना गं?” मी चिडले. फोन ठेवल्यावर भांडी जरा जास्तच आपटली. चिडायचं कारण इतकंच की गेटमधून आत शिरताना माझ्याही मनात तोच शब्द होता.

बघायला आम्ही श्रावणात गेलो. पावसाची उघडीप होती, लांब अंजनेरीवर ढग बसले होते, आणि आवारात ओल्या गवताचा आणि ताज्या रंगाचा असा एक मिसळलेला वास होता. ह्यांनी खिशातून मोजपट्टी काढली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ती मुलगी हसली. बहुधा प्रत्येक काका मोजपट्टी घेऊनच येत असणार. महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांची छापील प्रत ह्यांच्याकडे होती. दार किमान ९०० मिलिमीटर रुंद, उंबरठा नाही, जिन्याच्या एका टप्प्यात १२ हून जास्त पायऱ्या नाहीत, दोन्ही बाजूंना कठडा, ओल्या जागी न घसरणारी फरशी. हे एकेक दार मोजत गेले आणि दर वेळी “बरोबर आहे” असं म्हणताना थोडे हिरमुसले. काहीतरी चूक सापडायला हवी होती त्यांना. मी मात्र बाथरूममध्ये उभी राहिले आणि कमोडशेजारच्या दांडीवर हात ठेवून बघितला. स्टीलची गार दांडी. तिच्यावर भार टाकला, आणि माझ्या गुडघ्यांना, माझ्या नव्हे, एकट्या गुडघ्यांना, इतकं बरं वाटलं की मी दुसऱ्यांदा बसून उठले.

आमच्या घरी चोपन्न पायऱ्या आहेत. कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत, १९९४ सालची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घेतलं तेव्हा वरचा मजला म्हणजे वारा आणि उजेड, शिवाय चौरस फुटाला थोडा कमी भाव. बाथरूमचं दार सव्वादोन फुटांचं. चाकाची खुर्ची त्यातून जात नाही, हे आम्हाला २००९ मध्ये कळलं, सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा. त्यांना दवाखान्यात न्यायला खालच्या किराणा दुकानातली दोन पोरं, वॉचमन आणि हे, असे चौघे आले. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, पोटाशी नऊवारी साडी बांधून, तीन मजले उतरवलं. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी व्हायची आणि सासूबाई “अहो सांभाळा, भिंतीचा रंग जाईल” म्हणायच्या. स्वतःचं काय होईल याची नाही, रंगाची काळजी. त्यानंतर सात महिने त्या अंथरुणावर होत्या आणि मी शाळा सांभाळून ते सगळं केलं. केलं, एवढंच म्हणते. प्रेमाने केलं म्हणायला जीभ रेटत नाही. काही दिवस केलं, काही दिवस उरकलं. रात्री त्यांनी हाक मारली की मी कधी कधी दोन हाका जाऊ देत असे. हे कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या हाकांना माझ्या लेकीने असं मोजावं, हे मला नको आहे. वसाहतीच्या बाजूने एवढी एकच गोष्ट मांडली, तरी पारडं खाली जातं.

मग पारडं दुसऱ्या बाजूला झुकवायला लगेच दुपारचं जेवण आलं.

भोजनगृह स्वच्छ, पंखे मोठे, ताटं खणाखणांची. डाळिंब्यांची उसळ, कोशिंबीर, पोळी, जिरा भात. चांगलं होतं, फक्त सगळ्यालाच एक सारखी चव होती. शंभर जणांचं पित्त आणि रक्तदाब सांभाळून शिजवलेल्या अन्नाची. माझ्या शेजारच्या बाईंनी इकडेतिकडे बघून पिशवीतून एक छोटी डबी काढली आणि चमच्याने लसणीची चटणी ताटात घेतली. मी बघते आहे म्हटल्यावर मलाही वाढली. “लिफ्टच्या शेजारची खोली घेऊ नका,” त्या म्हणाल्या, “रात्री कोण गेलं, कोण आलं, सगळं कळतं.” ‘गेलं’ म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. जागा ठरलेल्या होत्या. एक खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर कुणी बसत नव्हतं. जळगावकडचे एक आजोबा, शर्टाची वरची गुंडीही लावलेले, आम्हाला तीनदा विचारून गेले, “शहरात पाऊस आहे का?” चार वाजता आम्ही निघालो तेव्हा सगळीकडे शांतता होती. आमच्या इमारतीत चार वाजता पोरं क्रिकेट खेळतात, चेंडू ग्रिलवर आपटतो आणि मी खिडकीतून ओरडते. तिथे ओरडण्यासारखं कुणीच नव्हतं. पाहुणे म्हणून नातवंडं आली तर वर्षातून पंधरा दिवस राहू शकतात, नियमावली, पान सहा.

ती नियमावली ह्यांनी पेन्सिलीने रंगवून ठेवलीय. अनामत २८ लाख. सोडताना परत मिळेल, पण दर वर्षाचे ठरावीक टक्के कापून, आणि तीही ती जागा दुसऱ्या कुणी घेतल्यावर. महिन्याला दोघांचे ४६ हजार, जेवण, साफसफाई, दवाखान्यातली नर्स धरून. दर एप्रिलला वाढ. ह्यांनी वहीत मांडलं : ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एकाच्या नावावर ३० लाखांच्या वर ठेवता येत नाहीत, सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तीन महिन्यांचे ६१,५०० येतात, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. पण अनामतीचे २८ लाख द्यायचे कुठून, तर त्याच ठेवीतून, मग व्याज कसलं? राहतं घर भाड्याने द्यावं, तर बिनलिफ्टचा तिसरा मजला ऐकून एजंट बारा हजारांच्या वर बोलेना. विकावं, तर माझी छाती धडधडते. दोघांची पेन्शन मिळून आजचं निभेल. दहा वर्षांनी दोघांपैकी एकच उरलं, तर पेन्शन घटते आणि खोलीचा खर्च मात्र त्या मानाने घटत नाही. हे वाक्य ह्यांनी वहीत लिहिलं नाही. पुढची दोन पानं कोरी सोडून दिली.

तिथलीच सदनिका विकत घ्या, असं जॉगिंग ट्रॅकवरच्या कट्ट्याचं मत. तिथे सकाळी साडेसहाला हास्यक्लबनंतर सगळ्या विषयांवर निकाल लागतात. विकत घेतली तर मुलांना मिळेल, पण राहता येणार नाही, कारण पंचावन्नच्या आत प्रवेश नाही. “आपला चिरंजीव अजून तेरा वर्षांनी पात्र होईल,” हे म्हणाले आणि स्वतःच हसले. एका गृहस्थांनी २००७ चा कायदा काढला, आईवडिलांच्या निर्वाहाचा; सांभाळायच्या अटीवर घर नावावर केलं आणि पोरांनी सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या मुलांनी आम्हाला टाकलेलं नाही. आठवड्यातून तीनदा व्हिडिओ कॉल करतात, औषधं ऑनलाइन पाठवतात, त्यांच्या घरी राहायला बोलावतात. मेलबर्नला मी चार महिने राहून आले आहे. त्या घरात सगळं होतं, फक्त दुपारी दाराशी येऊन कुणी “कोथिंबीर आहे का?” विचारत नव्हतं.

आणि मग नियमावलीचं पान अकरा. ‘निवासी स्वतःचे दैनंदिन व्यवहार स्वतः करू शकत असेपर्यंत.’ पुढे असं की तसं करता येईनासं झालं तर खासगी मदतनीस स्वखर्चाने ठेवावी, आणि व्यवस्थापनाला योग्य वाटल्यास निवाऱ्याची अन्यत्र सोय करण्यास कुटुंबाला सांगण्यात येईल. म्हणजे मी दांडी धरून उठू शकते तोवर दांडी माझी. सासूबाईंच्या त्या सात महिन्यांना इथे जागा नाही. त्या मुलीला मी हे विचारलं, तर ती म्हणाली, “तेव्हाचं तेव्हा बघू ना काकू, तुम्ही तर किती फिट आहात!” सदतीस वर्षं वर्गात काढल्यावर उत्तर टाळणारं पोर मला लांबूनही ओळखू येतं.

इंडिपेन्डन्ट हा शब्द ऐकला की मला आमच्या आत्याआजी आठवतात. तिवंध्याजवळच्या आमच्या वाड्यात त्या राहायच्या, वडिलांच्या आत्या, बालविधवा. माडीखालची मागची खोली त्यांची. वाड्यात माणसं अठरा, चूल एक, पण आत्याआजींचा वातीचा स्टोव्ह वेगळा. रॉकेलचा आणि तुपाचा असा दोन्ही वास त्या खोलीला एकदम यायचा. पहाटे रामकुंडावर जाऊन यायच्या, ओलेत्याने वाडा ओलांडायच्या, आणि मग दार लावून स्वतःपुरता भात टाकायच्या. पितळी डब्याला कुलूप, किल्ली कंबरेला. डब्यात काय, तर चार लाडू आणि पोस्टाचं पुस्तक. आम्ही पोरं त्यांना कंजूष म्हणायचो. माझी आई त्यांना रोज विचारायची, “तुमचं ताट मांडू का?” आणि त्या रोज नाही म्हणायच्या. त्या रोजच्या नकारावर त्या जगत होत्या, असं मला आता वाटतं.

१९६९ च्या सप्टेंबरात गोदावरीला मोठा पूर आला. मी अकरा वर्षांची. नदीतला उंच दुतोंड्या मारुती पार बुडाला, सराफ बाजारात पाणी शिरलं, आणि खालच्या अंगाला राहणारे मामांकडचे नऊ जण आमच्या वाड्यात आले. त्यांना आत्याआजींची खोली दिली. आत्याआजींचं अंथरूण माजघरात घातलं, सगळ्यांच्या मधोमध. पंधरा दिवस त्यांना एक क्षण एकटेपणा नव्हता. खोकल्या तर चार जण पाणी घेऊन यायचे. पण खोली द्यायची का, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि स्टोव्ह माडीवर गेला होता. त्या पंधरा दिवसांत त्या आमच्याच पंक्तीत जेवल्या, मान खाली घालून, नको-हवं न बोलता. पूर ओसरला, पाहुणे गेले, खोली परत मिळाली. स्टोव्ह मात्र त्यांनी पुन्हा फारसा पेटवला नाही. वाड्यातल्या म्हाताऱ्यांना कशी माणसांची ऊब होती, हे कुणी डोळे पुसत सांगायला लागलं की मी विषय बदलते. ऊब होतीच. खोली कोणाची, ते घरचा कर्ता ठरवत असे.

आमचे हे म्हणतात, तिथे गेल्यावर तुझी स्वयंपाकातून सुटका होईल. गेली पंचेचाळीस वर्षं ज्या माणसाने गॅसचा नॉब कोणत्या बाजूला फिरतो ते पाहिलं नाही, त्याने माझ्या सुटकेचा एवढा विचार करावा याचं मला कौतुकही वाटतं आणि हसूही येतं. खरं सांगायचं तर स्वयंपाकाचा मला कंटाळा आलाय. सकाळी पोळ्या लाटताना खांदा दुखतो. पण त्या खोलीत विजेची एक शेगडी आणि हातभर ओटा पाहिला, आणि माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो, खलबत्ता कुठे ठेवणार? चटणीवाल्या त्या बाईंचीही सुटकाच झाली होती की.

आता त्या चौकटीकडे येते. वसाहतीत रात्री प्रत्येक दाराबाहेर एक लाकडी पट्टी उभी करून ठेवतात. सकाळी उठलं की आपण ती आडवी करायची. नऊपर्यंत आडवी झाली नाही तर माणूस येऊन दार वाजवतं. मला ती युक्ती फार आवडली, आणि आवडताना लक्षात आलं की ती माझ्याकडे आहे. आमच्या दाराला दुधाच्या पिशवीसाठी एक आकडा आहे. तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात हे पुण्याला लेकीकडे गेले होते आणि मी पहाटे बाथरूममध्ये घसरले. पाय मुरगळून असा अडकला की उठताच येईना. नाशिकची थंडी, गार फरशी, फोन आत पलंगावर. साडेसहापासून मी तिथे बसून बादलीवर तांब्या वाजवत होते. पावणेआठला बेल वाजली, मग कुलपात किल्ली फिरली. समोरच्या वहिनी. दुधाची पिशवी अजून लटकत होती म्हणून त्या आल्या होत्या. त्यांच्याकडे आमची एक किल्ली असते, आमच्याकडे त्यांची.

ह्या वहिनी म्हणजे काही देवमाणूस वगैरे नाहीत. त्या दिवशी दुपारपर्यंत मी कुठे, कशी आणि कोणत्या गाऊनमध्ये सापडले, हे तळमजल्यापर्यंत पोहोचलं होतं. “काल बारापर्यंत दिवा चालू होता तुमच्याकडे,” हे वाक्य महिन्यातून चारदा ऐकावं लागतं. पाहुणे आले की त्यांचं दार बोटभर उघडं असतं. दोन वर्षं आम्ही जिन्यातल्या कुंड्यांवरून बोलत नव्हतो, आणि त्या दोन वर्षांतही दुधाची पिशवी साडेसातच्या पुढे लटकली की बेल वाजायची. दार उघडलं की त्या न बोलता परत जायच्या. लाकडी पट्टीवाला माणूस चौकशा करणार नाही, याचा मला मोहच होतो. पगार घेईल आणि सुट्टीवर गेला तर बदली येईल. वहिनी आता एकाहत्तरच्या आहेत, त्यांना मोतीबिंदू होऊन गेला, आणि त्यांचा मुलगा हिंजवडीला त्यांच्यासाठी खोली रंगवून बसलाय. त्या तिकडे गेल्या, तर माझ्या दाराकडे कोण बघणार? आणि मी धरणाकडे गेले, तर त्यांच्या?

एका तासात येईल असं एकच नाव मला सुचत होतं, आणि अर्ज भरायचा होता तो त्याच शेजारातून उठून जाण्यासाठी.

परवा संध्याकाळी शेवटी समोर गेले. वहिनी मेथी निवडत बसल्या होत्या, टीव्हीचा आवाज बंद करून चित्र चालू. मी आडवळणाने सुरुवात केली, त्यांनी लगेच सरळ केलं. “नाव घालायचंय ना माझं? घाला की बाई, विचारताय काय. मी डोळ्याच्या ऑपरेशनला तुमचंच घातलं होतं. शेजारीण म्हटलं तर ती काउंटरवरची मुलगी म्हणाली, नात्यातलं माणूस लागतं. मग लिहिलं बहीण.” त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले होते, बाहेर बाकावर तीन तास बसले होते, आणि आत माझं नातं ठरून गेलं होतं. मला काही बोलता येईना. वहिनींचा मात्र हिशेब सुरू झाला होता.

“पण एका तासात म्हणजे कठीणच. धरणाकडे यायला रिक्षावाला परतीचं भाडं मागतो. सिटीलिंकच्या बसची वाट बघत बसले तर तुमचं काही खरं नाही. चाळीस मिनिटं रस्त्याची धरू. दहा मिनिटं मला जिना उतरायला. चपला शोधायला पाच. आणि सत्तावीसच्या कुंभात पर्वणीच्या दिवशी पडू नका म्हणजे झालं, पंधरा साली गल्लीच्या तोंडाला बॅरिकेड लावून ठेवलं होतं, मला दवाखान्यातून घरी यायला तीन तास लागले.”

“अजून काही ठरलं नाहीये,” मी म्हटलं.

“ठरलं की सांगा,” त्या म्हणाल्या. “आणि नंबर नवा लिहा. जुना बंद केलाय मुलाने.” मग त्यांनी वर्तमानपत्र माझ्या बाजूला ओढलं आणि मेथीची न निवडलेली अर्धी जुडी माझ्यासमोर सरकवली.